गोदाम कोठे असावे?
राजारामपुरीतील व्यापारी घरांपुढचा जुना प्रश्न, नव्या संदर्भात

राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊच्या सुमारास एक दृश्य नित्य दिसते. दुकानांची शटर वर जातात, पायऱ्यांवर पाणी शिंपडले जाते आणि एखाद्या गल्लीच्या तोंडाशी मालाचा टेम्पो उभा राहतो. मागून आलेली रिक्षा थांबते, दुचाकीस्वार वाट काढू पाहतात. हमाल घाईने खोकी उतरवतात. दुकानाच्या मागची खोली आधीच भरलेली असते, म्हणून निम्मी खोकी जिन्याखाली आणि उरलेली माळ्यावर चढतात. वरच्या मजल्यावर घर, खाली पेढी आणि मागे माल, ही रचना या वसाहतीतील कितीतरी व्यापारी कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या सांभाळली. आता त्या घरांतून एकच चर्चा ऐकू येते : माल येथेच ठेवायचा, की महामार्गालगत गोदाम घ्यायचे?

वरवर पाहता हा भाड्याचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यात घरातील वडीलधाऱ्यांची पेढीवरील नजर, तरुणांची वाढीची इच्छा, नोकरमाणसांची सोय आणि पुराच्या दिवसांतील साऱ्या पुंजीची सुरक्षितता, असे बरेच काही गुंतलेले असते. म्हणूनच हा निर्णय केवळ ‘सगळे तिकडे चालले आहेत’ एवढ्यावर घेणे योग्य नाही.

या शहराने हा प्रश्न पूर्वीही सोडवला आहे

माल कोठे विसावावा, याचा विचार या मुलखाला नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापूरला वखार घातली, ती उगाच नव्हे. खाडीतून गलबते तेथवर येत आणि घाटमाथ्यावरचा माल अणस्कुरा घाट उतरून तेथेच पोहोचत असे. बैल आणि गलबत यांची जेथे गाठ पडते, तेथे वखार, हा त्यामागील साधा हिशेब होता. पण केवळ मोक्याची जागा पुरेशी नसते, हेही त्याच वखारीने दाखवले. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला साह्य केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांची ती वखारही सुटली नाही. जागा मोक्याची असली, तरी भोवतीच्या जोखमीचा अंदाज नसेल तर माल सुरक्षित राहत नाही.

पुढे १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत संस्थानची रेल्वे आली आणि व्यापाराचा गुरुत्वमध्यच हलला. जुन्या पेठा अंबाबाईच्या देवळाभोवती दाटलेल्या होत्या. बैलगाड्यांनी आलेला गूळ त्या अरुंद बोळांतून रेल्वेपर्यंत नेणे अवघड होते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये रेल्वे स्थानकालगत शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, रस्ते सरळ आखले आणि गुळाचा व्यापार रुळांच्या शेजारी आणला. कोल्हापूरचा गूळ गुजरातच्या बाजारात स्थिरावला, त्यात या पेठेचा वाटा मोठा आहे. त्याच रेल्वेमार्गावर पुढे १९१७ च्या सुमारास महाराजांनी आपल्या जनक वडिलांच्या नावे जयसिंगपूर वसवले. तेही चौकटीदार आखणीचे आणि व्यापारासाठीच.

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२ ते १९४०) शहर आणखी पसरले आणि रुळांच्या दक्षिणेला त्यांच्या नावाची राजारामपुरी आकाराला आली. मधून मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना क्रमांकांच्या गल्ल्या, ही तिची आखणी आजही नवख्याला पत्ता शोधताना उपयोगी पडते. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शाहूपुरी माल उतरवण्यासाठी वसली. राजारामपुरी प्रामुख्याने राहण्यासाठी. व्यापार तेथे नंतर फुलला. गल्ल्यांची रुंदी घरांसाठी ठरवलेली आहे, दहाचाकी ट्रकसाठी नव्हे. आज या वसाहतीत गोदाम चालवताना जी अडचण जाणवते, तिचे मूळ या आखणीत आहे. त्यात कोणाचा दोष नाही.

स्वातंत्र्यानंतर मालाने पुन्हा जागा बदलली. गुळाचे सौदे शाहूपुरीतून श्री शाहू मार्केट यार्डात गेले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती महामार्गालगत उभ्या राहिल्या. वाहन बदलले की गोदामाची जागा बदलते, हे या शहराने सव्वाशे वर्षांत अनेकदा अनुभवले आहे.

करांची भिंत गेली, त्यानंतर

काही वर्षांपूर्वीपर्यंत गोदामाची जागा पुष्कळदा करव्यवस्थाच ठरवत असे. शहराच्या वेशीवर जकात होती, त्यानंतर स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. राज्याराज्यांतील केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी मोठ्या कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतंत्र डेपो ठेवत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ते कारणही उरले नाही.

याचा कोल्हापुरावर दुहेरी परिणाम संभवतो. एकीकडे कंपन्या आपले लहान डेपो बंद करून पुणे-मुंबईच्या परिसरातील मोठ्या गोदामांतून माल पाठवू शकतात. दुसरीकडे, निपाणी, चिक्कोडी, बेळगाव हा शेजारचा कर्नाटकातील टापू कोल्हापूरच्या वितरकाला अधिक सुलभ झाला आहे. पुणे सुमारे २३० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर या मार्गावरील नैसर्गिक थांबा आहे. पश्चिमेला आंबा घाटाने रत्नागिरी, गगनबावड्याहून करूळ व भुईबावडा घाटांनी सिंधुदुर्ग आणि राधानगरीकडून फोंडा घाट, अशा वाटा कोकणात उतरतात. मात्र रेल्वे कोल्हापुरातच संपते. वैभववाडीपर्यंतच्या मार्गाची चर्चा दीर्घकाळ चालू आहे. त्यामुळे कोकणचा सारा माल आजही घाटरस्त्यांवर अवलंबून आहे आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तो अडतो. कोकणात ग्राहक असणाऱ्याने ज्येष्ठ महिन्यापूर्वीच तेथे थोडा माल पोहोचवून ठेवणे, हे घाटावरील मोठ्या गोदामापेक्षाही अधिक उपयोगाचे ठरते.

नदी कोणत्या बाजूला आहे?

कोल्हापुरात गोदाम पाहताना पहिला प्रश्न भाड्याचा नसावा, पाण्याचा असावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच घडले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. २०१९ मध्ये तर सुमारे आठवडाभर ट्रकांच्या रांगा दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि शहरात इंधन, गॅस, भाजीपाला, दूध यांची टंचाई जाणवली.

राजारामपुरीचा मोठा भाग उंचावर असल्याने नदीचे पाणी येथे शिरत नाही. पण रेल्वेखालून जाणाऱ्या परीख पुलाखाली जोरदार पावसात पाणी साचते आणि शाहूपुरी-स्टेशनकडील नेहमीची वाट बंद होते. शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या भागांत पूर शिरल्याचे सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा दुकान कोरडे राहिले, तरी जयंती नाल्याच्या काठची भाड्याची खोली कोरडी राहीलच असे नाही.

महामार्गावरील जागांबाबत तर नदीचा काठ निर्णायक ठरतो. शिरोली पंचगंगेच्या उत्तरेला आहे. उचगाव, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगाव आणि कागल दक्षिणेला, म्हणजे शहराच्याच बाजूला. पुण्याहून येणारा माल शिरोलीला आधी पोहोचतो आणि तेथून हातकणंगले, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली यांना पंचगंगेवरचा पूल न ओलांडता माल पाठवता येतो. म्हणून ज्याचे निम्म्याहून अधिक ग्राहक त्या पट्ट्यात आहेत, त्याला शिरोली सोयीची. पण ज्याचे ग्राहक शहरात, भुदरगडात, गडहिंग्लजला किंवा निपाणीकडे आहेत, त्याचा सारा माल पुराच्या आठवड्यात शिरोलीत अडकून पडेल. त्याने गोकुळ शिरगाव-कागलच्या बाजूला पाहावे. तेथेही दक्षिणेची वाट निर्धोक नाही. निपाणीजवळ यमगर्णी येथे मोठ्या पुरात वेदगंगेचे पाणी महामार्गावर येते. थोडक्यात, गोदाम निवडण्यापूर्वी ग्राहकांची यादी घेऊन प्रत्येकाच्या नावापुढे ‘नदीच्या अलीकडे’ किंवा ‘पलीकडे’ असे लिहावे. तासाभराच्या या कामातून जे कळते, ते कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही.

जागा पाहण्यास उन्हाळ्यात जाण्याचा प्रघात आहे, कारण तेव्हा सवड असते. पण एकदा भर पावसात जाऊन पाहावे. आजूबाजूच्या घरांच्या भिंतींवर २०१९ च्या पाण्याच्या खुणा कोठवर होत्या, हे शेजाऱ्यांना विचारावे. जोत्याची उंची रस्त्यापेक्षा किती आहे, ते मोजावे. जोते ट्रकच्या फळीच्या उंचीला, म्हणजे साधारण चार फुटांवर असेल, तर पाण्यापासून संरक्षण मिळतेच. शिवाय हमालांना खोके खाली उतरवून पुन्हा वर उचलावे लागत नाही.

एक हिशेब

एखाद्या मध्यम वितरकाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा, राजारामपुरीत १,५०० चौरस फुटांची जागा २५ रुपये दराने आहे, म्हणजे महिन्याला ३७,५०० रुपये. मोठा ट्रक गल्लीत येत नाही. म्हणून बाहेर उभा करून लहान टेम्पोत माल भरावा लागतो. अशा २० खेपांना प्रत्येकी १,२०० रुपये धरल्यास २४,००० रुपये होतात. एकूण खर्च ६१,५०० रुपये.

आता दहा किलोमीटरवरील गोदाम घेऊ. ३,००० चौरस फूट, दर १२ रुपये, भाडे ३६,००० रुपये. ट्रक दारात येतो, म्हणून मधली चढ-उतार वाचते. पण शहरात माल देण्यासाठी दररोज तीन फेऱ्या, प्रत्येकी जाऊन-येऊन २० किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,५६० किलोमीटर. किलोमीटरला १२ रुपये या दराने १८,७२० रुपये. एकूण ५४,७२० रुपये. म्हणजे दुप्पट जागा मिळून दरमहा ६,७८० रुपयांची बचत.

बहुतेक घरांत हिशेब येथेच थांबतो आणि करार होतो. पण राजारामपुरीत मागच्या खोलीची राखण घरातलीच माणसे करत होती. तिकडे राखणदार लागेल. त्याला १२,००० रुपये दिले, तर खर्च ६६,७२० वर जातो आणि बचतीच्या जागी ५,२२० रुपयांचा तोटा दिसू लागतो. शेजारच्या दोन गोदामांबरोबर मिळून राखणदार ठेवला, तर वाट्याला ४,००० येतात, खर्च ५८,७२० होतो आणि २,७८० रुपये वाचतात. एका माणसाच्या पगाराने ज्याची दिशा बदलते, असा हा काठावरचा हिशेब आहे. म्हणून केवळ भाड्यातील फरकावर निर्णय सोडू नये. जागा दुप्पट झाल्याने एखाद्या नव्या कंपनीची एजन्सी घेता येणार आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तसे काही योजलेले नसेल, तर रिकामी जागा हळूहळू न खपणाऱ्या मालाने भरते आणि भांडवल तेथे अडकून पडते. परिग्रहाला मर्यादा असावी, ही शिकवण ज्या घरांत लहानपणापासून ऐकली जाते, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गोदाम जितके मोठे, तितका साठ्याचा मोह मोठा.

दोन ठिकाणी साठा

यावर अनेकांना मानवेल असा मध्यम मार्ग आहे. जलद खपणारा माल, सात-आठ दिवस पुरेल इतकाच, राजारामपुरीत ठेवावा. मोठा साठा बाहेर ठेवावा आणि दर आठवड्याला एक-दोन ठरलेल्या खेपांनी आत आणावा. त्यामुळे दररोजच्या तीन फेऱ्या वाचतात. शिवाय महामार्ग बंद झाला, तरी शहरातील औषधे, बालकांचे अन्न, किराणा यांसारख्या गरजेच्या वस्तू उंचावरच्या राजारामपुरीत उपलब्ध राहतात. पुराच्या दिवसांत ज्याच्याकडे माल असतो आणि जो नेहमीच्याच भावाने तो देतो, त्याला ग्राहक पुढे वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

मात्र शहरातील साठा नियमांत बसणारा हवा. वाहनतळासाठी मंजूर असलेल्या तळघरात खोकी रचणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय आग लागल्यास वरच्या मजल्यांवरील कुटुंबांच्या जिवाशी खेळ आहे. जिन्याखालची जागा मोकळीच असली पाहिजे. गणेशचतुर्थीला राजारामपुरीत निघणाऱ्या आगमन मिरवणुकांमुळे मुख्य रस्ता त्या दिवशी वाहनांना बंदच असतो. सणाचा माल त्याआधीच आत आणण्याचे वेळापत्रक आखावे लागते.

कागदपत्रे आणि विमा

गोदाम घेतले की काही नोंदी तत्काळ कराव्या लागतात. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत ते ‘व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण’ म्हणून दाखवावे लागते. खाद्यपदार्थ ठेवायचे असतील, तर अन्न सुरक्षेचा परवाना त्या पत्त्यासाठी हवा. औषधांच्या घाऊक परवान्याचेही तसेच आहे : जागा किमान दहा चौरस मीटर हवी आणि थंडाव्याच्या औषधांसाठी शीतकपाट लागते. राज्याबाहेर ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवताना ई-वे बिल आवश्यक असते. निपाणी केवळ चाळीस किलोमीटरवर असली, तरी ती परराज्यात आहे, हे नवा टेम्पोचालक विसरतो. हमालांच्या कामाबाबत १९६९ चा माथाडी कायदा लागू होतो का, हेही आधीच तपासावे. पाठीवर पोते वाहणाऱ्याचा हक्क हाही व्यवहाराचाच भाग आहे.

विम्याकडे तर विशेष लक्ष द्यावे. आगीच्या विमापत्रात वादळ-पुराचे संरक्षण आहे का, हे पाहावे. ज्या पत्त्यावर माल आहे तोच पत्ता विमापत्रात असला पाहिजे. जुन्या पत्त्याच्या विम्यावर नव्या गोदामातील नुकसान मिळत नाही. हप्ता वाचवण्यासाठी कमी रकमेचा विमा उतरवण्याची सवयही महागात पडते. समजा, माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा आणि नुकसान १० लाखांचे. अशा वेळी कंपनी साधारणपणे विम्याच्या प्रमाणात, म्हणजे निम्मेच, पाच लाख देते. ‘नुकसान तर विम्याच्या रकमेच्या आत आहे’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही.

गोदामाच्या आतील शिस्तीने पुष्कळ नासाडी टळते. माल जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावा, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडावे, आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. गुळासारखा पदार्थ पावसाळी हवेतील ओल शोषून पाझरू लागतो. धान्याला ओल लागली की कीड होते आणि मग धुरीची वेळ येते. जागा कोरडी, स्वच्छ व हवेशीर ठेवली, तर जीवोत्पत्तीच होत नाही आणि पुढची हिंसाही टळते. व्यवहाराचे आणि आचाराचे हित येथे एकच आहे.

पेढी कोणी सांभाळायची?

इतके सारे ठरल्यावर शेवटी घरातील प्रश्न उरतो. ज्या वडिलांनी चाळीस वर्षे गादीवर बसून प्रत्येक पोते जाताना पाहिले, त्यांना दहा किलोमीटरवरील गोदाम म्हणजे डोळ्यांआड गेलेला संसार वाटतो. मुलाला मात्र मागच्या खोलीत व्यवसाय गुदमरताना दिसतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. वडिलांची चिंता ही नियंत्रणाची आहे. नोंद चोख ठेवणे, दर महिन्याला प्रत्यक्ष मोजदाद करणे, गोदामाच्या किल्लीची जबाबदारी एकाच माणसावर न सोपवणे, हे त्यावरचे उत्तर आहे. कॅमेरा बसवला म्हणजे नजर ठेवली, असे होत नाही. आठवड्यातून एकदा घरातील माणसाने तेथे जाऊन यावेच लागते.

करार करतानाही घाई नको. पहिल्यांदा अकरा महिन्यांसाठी आणि शक्य असल्यास पावसाळ्याच्या आधी सुरू होईल असा घ्यावा. एक पावसाळा, एक दिवाळी आणि मार्चअखेर त्या जागेने पाहिली, की तिचे गुणदोष आपोआप कळतात. तोवर राजारामपुरीतील मागची खोली सोडू नये. पहिल्या वर्षी बाहेर कोणता माल हलवायचा, याची निवड वडिलांनीच करावी. कोणते पोते केव्हा हलते आणि कोणते पडून राहते, हे त्यांच्याइतके घरात कोणालाही ठाऊक नसते. मुलाने ती यादी घेऊन गोदामाचे कप्पे आखावेत. एवढे झाले, की सकाळी नऊ वाजता गल्लीच्या तोंडाशी येणारा टेम्पो लहान असेल, लवकर मोकळा होईल आणि मागच्या रिक्षेलाही वाट मिळेल.